नरोत्तमनानांची हरळी

नरोत्तमनाना आपल्या अंगणातली हरळी मेंढ्यांच्या कात्रीने कातरत असत. ही कात्री त्यांनी आमच्या शिवारातून जाणाऱ्या एका ठेलारी मेंढपाळाकडून मागून घेतली होती. लोकर कातरायची, दोन रुंद पात्यांची. मेंढपाळाला वाटलं, म्हातारा मेंढ्या पाळणार असेल. पुढच्या वर्षी कळप घेऊन तो पुन्हा आला, तेव्हा नाना उकिडवे बसून जमीन कातरत होते. तो काठीवर हनुवटी टेकून बघतच उभा राहिला. मेंढरांनाही ते आवडलं असावं, कारण ती सरळ अंगणात शिरली. मग नाना हातात कात्री घेऊन मेंढरांमागे आणि मेंढपाळ "कापू नका, कापू नका" म्हणत नानांमागे, अशी ती वरात गावाने पाहिली.

गावाचं नाव सांगत नाही. शहादे तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या अलीकडे आहे एवढं पुरे. आता तो सगळा भाग नंदुरबार जिल्ह्यात आला. तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत आणि आम्हा सरकारी नोकरांना जरा खुट्ट झालं की धुळं गाठावं लागे. मी तिथे तलाठी होतो. महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधी माझी तिथे बदली झाली आणि नानांच्या शेजारची खोली मला मिळाली. दुसऱ्याच्या जमिनीत काय उगवतं याची चौकशी करायचा तलाठ्याला पगार मिळतो. त्यामुळे मी जे पुढे सांगणार आहे ते नाक खुपसून मिळवलेलं असलं, तरी नाक सरकारी होतं.

नानांचं वेड समजायला आधी हरळी समजली पाहिजे. शहरातल्या माणसाला हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वा. आमच्या भागातल्या गुजर शेतकऱ्याला विचारा. कपाशीत, केळीत, उसात ही बया एकदा शिरली की माणूस म्हातारा होतो पण ती जात नाही. वर उपटा, खालून फुटते. खालून खणा, तुटलेलं प्रत्येक पेर नवा संसार मांडतं. बायांचे जन्म निंदणीत गेले ते हिच्यापायी. वावरात हरळी दिसणं म्हणजे मालक आळशी असल्याची दवंडी. आणि घराच्या दारात गवत दिसणं त्याहून वाईट. "दारमा गवत उगनं म्हंजे घरमा मानूस नही ऱ्हायना," असं तिथली म्हातारी माणसं म्हणत. पाय वाजायचे थांबले की दारात गवत येतं, असा त्याचा सरळ अर्थ.

आणि नरोत्तमनानांच्या घरी तर माणसांची जत्रा. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, लग्नाची एक मुलगी, गडीमाणसं, आणि या सगळ्यांना सांभाळून वर शेजाऱ्याला ताक पाठवणाऱ्या जसोदाकाकू, म्हणजे नानांची बायको. नाना स्वतः पंचक्रोशीतले नाणावलेले शेतकरी. त्यांच्या वावरात तण शोधायला दिवा घेऊन जावं लागे. असा माणूस एक दिवस चावडीवर आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "तलाठीआप्पा, तुमनी चावडीनी हरळी माले पाहिजे."

मला वाटलं टोमणा आहे. चावडीच्या मागे हरळी माजली होती हे खरं. मी वरमून म्हणालो, "काढून टाकायला सांगतो कोतवालाला."

"काढाले नही," नाना म्हणाले. "लावाले."

मग कळलं की ते आठ-पंधरा दिवस गावभर हरळी मागत फिरत होते. ज्याच्याकडे मागावी तो भडके. "मन्हा वावरमा हरळी? कोनी सांगं तुमले?" आपल्या शेतात हरळी आहे हे कबूल करण्यापेक्षा माणसाने पोटचं पोर दत्तक दिलं असतं. नानांच्या एका जुन्या मित्राने तर तेवढ्यावरून बोलणं टाकलं. शेवटी सरकार हाच असा एक मालक उरला की ज्याला हरळीची लाज वाटत नव्हती. मी उदार मनाने म्हणालो, "न्या, हवी तेवढी न्या."

लावणीच्या आधी नानांनी अंगण हातभर खणलं. दगड वेचले, जुन्या मुळ्या वेचल्या, आणि मुख्य म्हणजे लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या. लव्हाळा हा त्यांचा खरा शत्रू. हरळीतून तण काढायचं म्हणजे चोराच्या घरी पहारा ठेवण्यासारखं आहे, असं मी म्हणालो, पण नानांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. नदीतला गाळ आणला. कुजलेलं शेणखत धान्याच्या चाळणीने चाळलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. जमीन सपाट आहे का हे बघायला पितळी परातीत पाणी घालून ती जागोजागी ठेवून पाहिली. अगदी सपाटही नको, घरापासून रस्त्याकडे थोडा उतार हवा, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. मग पाऊस स्थिरावल्यावर चावडीच्या हरळीचे तुकडे केले, प्रत्येकाला दोन-तीन पेरं राहतील असे, आणि वीतभर अंतरावर ओळीने लावून पायाने दाबले. नाना काहीही लावत ते ओळीतच. हयातभर कपाशी लावलेला हात, त्याला वाकडं लावताच येत नसे.

रस्त्याच्या ठेकेदाराने टाकून दिलेलं डांबराचं पिंप त्यांनी वाळूने भरलं आणि त्याचा रूळ केला. तो रूळ नाना स्वतः ओढत. बैलाच्या खुरांनी खड्डे पडतात म्हणून बैल वर्ज्य. लोक ओट्यावर बसून विचारत, "नाना, कोनता बी शे? कितला भाव मिळी?" नाना उत्तर देत नसत. फारच झालं तर म्हणत, "पायले इचारा."

हे त्यांचं पालुपद. हरळी दाट आली की नाही, पाणी हवं की नको, कातरणी केव्हा करायची, या सगळ्याचा निवाडा तळपायाकडे. मला जोडा काढायला लावून त्यांनी कितीदा तरी त्या हिरवळीवर उभं केलं असेल. "डोया खोटं बोलस. पायले इचारा." माझ्या पायांनी कधी काही सांगितलं नाही. नानांचे पाय मात्र बोलके असावेत. सकाळी ते डोळे मिटून सावकाश चालत, मधेच थांबत, आणि म्हणत, "आठे तहान लागेल शे." तिथे पाणी घालत. रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही, मुळं वरवर राहतात; मधे खाडा देऊन पोटभर पाजायचं आणि तेही उन्हाआधी. उन्हाळ्यात कातरणी बोटभर उंच ठेवायची, मुळांना तिची स्वतःचीच सावली होते. एकदम खोल कातरायचं नाही, न्हाव्याने चिडून केल्यासारखं. ही सगळी शास्त्रं ते मला सांगत आणि मी मान हलवत असे. मला त्यातल्या कशातच रस नव्हता. मला एकच जाणून घ्यायचं होतं, हे सगळं कशासाठी?

कारण नाना त्या हिरवळीवर बसत नव्हते. नातवंडांना खेळू देत नव्हते. गणपतीत बायका दूर्वा मागायला येत, त्यांना ते काठाकाठाने खुडू देत आणि तेवढा वेळ अस्वस्थ उभे राहत. शोभेसाठी म्हणावं तर नानांना शोभेचा गंधही नव्हता. त्यांच्या घरात देवाच्या तसबिरीसुद्धा वाकड्या लटकत. आणि जसोदाकाकू तर हरळी लावल्यापासून पुढच्या दाराने बाहेर पडायच्याच बंद झाल्या होत्या. मधून फरशांची पायवाट ठेवली होती तरी. देवळात जायचं असलं तरी मागच्या दाराने, गोठ्यातून, शेण तुडवत. ही बातमी माझ्या बायकोने, सुधाने आणली. काकू तिला म्हणाल्या होत्या, "जलमभर जिले उपटं, तिले दारमा दखीसन मन्हा हात खाजतस."

शेवटी एका संध्याकाळी मी सरळच विचारलं. नाना शहाद्याहून लोखंडी खुर्च्या घेऊन आले होते, दोन. मला वाटलं एक माझ्यासाठी, म्हणून मी बसायला गेलो, तर त्यांनी माझा दंड धरला. मी म्हणालो, "नाना, आता सांगूनच टाका. कोण बसायचं आहे इथे?"

नाना बराच वेळ कात्रीचं पातं पुसत राहिले. मग म्हणाले की उपशाच्या पाण्याच्या कामासाठी ते एकदा धुळ्याला एका इंजिनिअरसाहेबाच्या बंगल्यावर गेले होते. केळीचा घड घेऊन फाटकात उभे होते. बंगल्यापुढे हिरवळ. माळ्याने सांगितलं, हरळीच आहे. "मी जलमभर जे गाडाभर भरीसन फेकं, त्याले तो साहेब पानी घाली ऱ्हायन्ता," नाना म्हणाले. पण त्यांच्या मनात राहिलं ते वेगळंच. हिरवळीवर साहेब आणि साहेबाची बायको बसली होती. "ती बाई काहीतरी सांगी ऱ्हायन्ती आनि साहेब आयकी ऱ्हायन्ता. कोनी उठं नही. कोनी बलावं नही."

एवढं बोलून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"लगीन व्हयनं तैपासून," नाना म्हणाले, "आम्ही दोन्हीजन समोरासमोर बठीसन बोलनूतच नही. आधी बाप व्हता, मंग मोठा भाऊ, आते सुना ऊन्यात. ओटा मानसेस्ना, चूल बायास्नी. वावरमा ती निंदाले, मी आऊतवर. मी म्हनं, एक जागा आशी करूत, जी ना ओटा शे, ना चूल. जठे कसानीच रीत नही."

मी त्या हिरवळीकडे पाहिलं. इतके महिने मी तिला गवत समजत होतो. खरं सांगतो, मला त्या क्षणी नानांचा हेवा वाटला. मी आणि सुधा रोज एका खोलीत समोरासमोर बसत होतो आणि पगाराखेरीज दुसरं काही बोलत नव्हतो.

"मग काकूंना बोलवा की," मी म्हणालो.

"बलावं ना. म्हंतस, सुनास्मोर खुर्चीवर बठू? लोके काय म्हंतीन? आनि हरळीवर?" नानांनी मान हलवली. काकूंचं चूक नव्हतं. सुना डोक्यावर पदर घेऊन वावरत असताना सासूने दारात नवऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं, हे त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तरी रोज संध्याकाळी नाना दोन खुर्च्या मांडत, एकीवर बसत, दिवेलागणीला दोन्ही उचलून आत नेत. रस्त्याने जाणारे हसत. मला आता हसू येत नसे.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांची. नाना त्या वर्षी बैलगाडी जोडून गेले आणि दोन-तीन दिवस तिकडेच राहिले. इकडे त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. निरोप आला तो काकूंकडे, आणि काकूंकडून गेला तो निंदणीच्या बायांकडे. या बायांच्या टोळीत काकूंनी तरुणपणी वर्षानुवर्षं कमरेत वाकून काम केलेलं. त्यांची मुकादम धनामाय. तिने विचार केला, पाहुणे येतील, दारात गवत बघतील, म्हणतील या घरात माणूस राहिलं नाही. जसोदाची मुलगी उजवायची तर हे बरं दिसत नाही. काकू तर बोलायच्या नाहीत. मग मैत्रिणी कशाला असतात?

सकाळी मी चावडीवर गेलो होतो, काकू मागच्या पडवीत पापड लाटत होत्या. टोळी खुरपी घेऊन आली, ओळ धरली, गाणं म्हणत म्हणत या टोकाकडून त्या टोकाला गेली. कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक मुळी मागे ठेवली नाही. उपटलेल्या हरळीचा ढीग घातला, अंगण झाडलं, शेणाचा सडा घातला, वर रांगोळी काढली. मी जेवायला आलो तेव्हा मला क्षणभर वाटलं आपण चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरलो.

"कसं लख्ख व्हयनं, दखा," धनामाय कमरेवर हात ठेवून म्हणाली.

पुढचं सुधाने पाहिलं. काकू पुढच्या दारात आल्या, कित्येक महिन्यांनी. समोर हवं होतं तसं अंगण, उपटून सारवलेलं. बाया कौतुकाची वाट बघत उभ्या. काकू उंबऱ्यातच खाली बसल्या. कुणाला रागावल्या नाहीत. मैत्रिणींनी फुकट केलेल्या कामाला काय रागवायचं? सगळ्यांना गूळ-पाणी दिलं, वाटेला लावलं. मग पदर खोचला आणि तो ढीग उकिरड्यावर न्यायला निघालेल्या गड्याच्या हातातून टोपली काढून घेतली.

नाना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. मी खिडकीतच होतो; नव्हतो असं म्हणण्यात अर्थ नाही. गाडी थांबली. नाना उतरले, अंगणाकडे बघत उभे राहिले. ओरडले नाहीत. जोडे काढले आणि अनवाणी त्या शेणाच्या सड्यावर चालून पाहिलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती आणि ती पाठ बघवत नव्हती.

काकू ओट्यावर आल्या. दोन्ही सुना दाराआड होत्या, तरी काकू आल्या.

"पोतामा शे," त्या म्हणाल्या. "गोठामांगे, सावलीमा. पोतं ओलं ठेयेल शे."

नानांनी वळून पाहिलं. "काबरं ठेवं?"

काकूंनी थोडा विचार केला. "फेकी दिधी आस्ती ते मरी जाती," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाहुणे आले, मुलगी पसंत पडली, अंगण किती स्वच्छ म्हणून त्यांनी तारीफ केली आणि गेले. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी नानांनी पोती बाहेर काढली. थंडीचे दिवस, हरळीला धरायला वाईट. नाना तुकडे करत बसले तर काकू दारातून म्हणाल्या, असे तुकडे नका करू, हे मरतील. जाड पेराचे घ्या, ज्याला खालून पांढरी मुळी आहे असे. कुठला तुकडा उपटला तरी मरत नाही हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? त्या तुकड्यांशी त्यांचं आयुष्यभराचं वैर होतं. सांगूनही नाना चुकतच राहिले, तेव्हा काकू पायरी उतरल्या, खुरपं घेतलं आणि त्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

रस्त्याने लोक गेले आले, कोणी मान वर करून पाहिलं नाही. बाईमाणूस जमिनीवर बसून खुरप्याने काम करतंय, यात बघण्यासारखं काय आहे? खुर्चीवर बसली असती तर गाव जमलं असतं. उकिडवी बसली, तर ती कुणाला दिसलीच नाही.

थंडीत हरळी झोपून राहते. त्यामुळे काम लांबलं. रोज संध्याकाळी दोघं मेलेले तुकडे काढत, नवे लावत. नाना बोलताना मला ऐकू यायचे नाहीत, कारण बोलत काकू. लहानपणी त्यांच्या माहेरी तापीला पूर आला होता त्याची गोष्ट, पहिल्या बाळंतपणात गेलेल्या मुलाची गोष्ट, सासूने कधी काय म्हटलं त्याची गोष्ट. नाना हातातला तुकडा तसाच धरून ऐकत असत. होळीनंतर ऊन तापलं आणि हरळीने जमीन धरली. चैत्र संपायच्या आत अंगण पुन्हा हिरवं झालं, पहिल्यापेक्षा दाट. काम संपलं. काकूंनी खुरपं आढ्याला खोचलं आणि त्या आत गेल्या.

पुन्हा दोन खुर्च्या. पुन्हा एक रिकामी. मला वाटलं संपलं सगळं.

मग एका पहाटे मी तोंड धुवायला बाहेर आलो तर नाना हिरवळीत गुडघ्यावर. कात्री नव्हती. शेजारी ओल्या फडक्यात काहीतरी होतं आणि ते बोटाने भोक पाडून एक एक आत सारत होते, वरून हरळी सारखी करत होते. मी कुंपणाशी जाऊन पाहिलं. लव्हाळ्याच्या गाठी. ज्याचं एक पातं दिसलं तर या माणसाचं जेवण उडत असे, तो लव्हाळा. नानांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. त्यांनी फडकं खिशात घातलं आणि म्हणाले, "हवा गार शे आज."

मी म्हणालो, "हो, आहे."

आठवड्याने काकूंनी आढ्याचं खुरपं काढलं. लव्हाळा आलाय, नानांना एकट्याने आवरायचा नाही, असं त्यांनी सुनांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि अंगणात उतरल्या. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत मी त्या दोघांना रोज संध्याकाळी त्या हिरवळीवर उकिडवं बसलेलं पाहिलं. असली उत्तम हिरवळ आणि असला न संपणारा लव्हाळा मी पुढे कुठल्याही बंगल्यात पाहिला नाही. नानांचं गुपित मी पोटात ठेवलं, सुधालासुद्धा बोललो नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सुधा काकूंचा निरोप घ्यायला गेली. काकू अंगणातच होत्या, नाना पाण्याला गेले होते. सुधा सहज म्हणाली, "काकू, हा लव्हाळा काही तुमची पाठ सोडत नाही."

काकू हसल्या. नाना ज्या दिशेने गेले होते तिकडे एकदा पाहून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "लव्हाळा कधी रांगमा उगस का, बाई?"

सुधाने पाहिलं. खरंच, कपाशीसारखी सरळ ओळ होती.

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

काकूंनी हाताशी आलेला एक लव्हाळा उपटायचा सोडून दिला आणि पुढच्याकडे वळल्या.

"सांगी दिधं, ते मंग उठनं पडी ना."